आमच्या घरचे फळकूट

वर्षभर या सदरात मी भाषेच्या, परीक्षांच्या आणि घरगुती कटकटींच्या गोष्टी सांगत असतो. संपादकांनी आखून दिलेल्या दीड रकान्यात त्या बसविताना काना-मात्रेचीसुद्धा काटकसर करावी लागते. दिवाळी अंकात मात्र अंगण मोठे मिळते. तेव्हा यंदा जरा ऐसपैस बसून एका फळीची हकीकत सांगणार आहे.

फळी सात फूट लांब, वीस इंच रुंद आणि वजनाला बारा किलो आहे. आमच्या कसबा बावड्याच्या घरी जिन्याखाली ती भिंतीला टेकून उभी असते. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बोट दाखवून विचारतो, "इस्त्रीची का?" समुद्राच्या लाटेवर उभे राहून किनाऱ्यापर्यंत घसरत येण्यासाठी ती केली आहे, असे मी सांगतो. पाहुणा आधी माझ्याकडे पाहतो, मग चहाकडे पाहतो आणि विषय बदलतो.

चूक पाहुण्याची नाही. बावड्यात लाट आली तर ती उन्हाची येते किंवा निवडणुकीची. खरी लाट पाहावयाची तर गगनबावड्याचा घाट उतरून पुढे आणखी बराच वेळ मोटारीत बसावे लागते. आमच्या चिरंजिवांनी गेल्या वर्षी "मला सर्फबोर्ड पाहिजे" असे जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हाच मुद्दा काढला. "अहो, याला समुद्र कुठे आहे ते तरी सांगा," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

चिरंजीव मित्रांबरोबर मंगळूरजवळच्या मुल्कीला जाऊन आले होते. तेथे एका आश्रमातील साधकांनी २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू केला. भारतातला तो पहिला सर्फ क्लब मानतात. पहाटे उठायचे, नामस्मरण करायचे आणि मग फळी काखोटीला मारून समुद्रात शिरायचे, असा त्यांचा दिनक्रम ऐकून मला तो प्रकार एकदम आवडला. मोक्षाचा हा मार्ग आमच्या संतांना सुचला नव्हता. चिरंजीव तेथे चार दिवस राहिले, तिसऱ्या दिवशी लाटेवर पाच-सात क्षण उभे राहिले, आणि तेव्हापासून घरातल्या जमिनीवर त्यांचे पाय ठरेनात.

मी मराठीचा प्राध्यापक. मला आधी शब्दाची काळजी. 'सर्फबोर्ड' याला आपल्याकडे काय म्हणावे? मी 'तरंगफळी' सुचविले. चिरंजिवांनी असे तोंड केले की तो शब्द मी मुकाट्याने परत घेतला. किंमत ऐकल्यावर तर शब्दाची चर्चाच मागे पडली. पस्तीस-चाळीस हजार रुपये!

"कशाची असते रे ती?" मी विचारले.

"फोमची. वरून फायबर."

फोम म्हणजे फेस. फेसाला चाळीस हजार मोजण्याआधी तो कसला फेस आहे हे पाहणे माझे कर्तव्य होते, म्हणून मी वाचावयास बसलो. वाचनाचे व्यसन वाईट. विरोधाला बळ यावे म्हणून पुस्तक उघडावे आणि भलत्याच गावाला पोचावे, असे माझे नेहमी होते.

या फळीच्या पोटात असतो तो बहुधा पॉलियुरेथेन नावाचा फेस. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तो आला आणि लाकडी फळ्यांचे दिवस संपले. हलका, स्वस्त, हवा तसा कापता येणारा. एका कारागिराने महिन्याला दोन फळ्या कराव्यात तिथे वीस होऊ लागल्या तर कोणाला नको आहे? पण तो तयार करावयास टोल्युइन डाय-आयसोसायनेट नावाचे रसायन लागते. हे नाव मला कोठेतरी ओळखीचे वाटले. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "घराणे ओळखीचे आहे. भोपाळला १९८४ साली बाहेर पडला तो मिथाइल आयसोसायनेट. हे त्याच कुळातले." तयार फेस तसा निरुपद्रवी, परंतु तो बनविणाऱ्या माणसांच्या फुफ्फुसांना जपावे लागते. वरून काचेच्या धाग्याचे कापड आणि राळेसारखा चिकट रासायनिक लेप. फळी मोडली की तिचे दुसरे काही होत नाही. ती ना कुजते, ना चुलीत घालता येते.

अमेरिकेतील बहुतेक फळ्यांचा हा फेस एकच कारखाना पुरवीत असे: क्लार्क फोम. ५ डिसेंबर २००५ रोजी मालकाने गिऱ्हाइकांना पत्र पाठवून तो कारखाना एकाएकी बंद केला. पर्यावरणाचे कडक होत चाललेले नियम आणि या विषारी रसायनाची डोक्यावरची टांगती तलवार ही कारणे त्याने दिली होती. साचेसुद्धा मोडून टाकले. त्या दिवसाला तिकडचे लोक 'कोरा सोमवार' म्हणतात. फळ्या करणाऱ्यांच्या हातात करवत होती आणि कापायला काही नव्हते. मग माणसे इकडे-तिकडे पाहू लागली. कोणी दुसरा फेस धरला (त्यातला एक म्हणजे चक्क आपला थर्माकोल, २०१८ साली आपल्या सरकारने ज्याच्या ताट-वाट्यांवर आणि मखरांवर बंदी घातली तोच), कोणी शेवाळाच्या तेलापासून फेस केला. सॅन दिएगोच्या विद्यापीठाने २०१५ साली तशी एक फळी नगराध्यक्षांना भेट दिली. आणि काही लोक, कधीच सोडून दिलेल्या लाकडाकडे पुन्हा वळले.

लाकडाचा मूळ मुलूख म्हणजे हवाई बेटे. तेथे हा नुसता खेळ नव्हता. राजापासून पोराटोरांपर्यंत, बायकांसह, सारे लाटेवर चढत. फळ्यांना जाती होत्या. साधी, पातळ फळी ती 'अलाया'. सरदारांसाठी लांबलचक, जाड फळी ती 'ओलो'. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये अशा जुन्या फळ्या जपून ठेवल्या आहेत. चौदा-सोळा फूट लांब, दीडशे पौंडांच्या आसपास वजनाच्या. झाड तोडण्यापूर्वी त्याच्या मुळाशी तांबडा 'कुमू' मासा ठेवून प्रार्थना करीत, अशी जुनी वर्णने आहेत. दगडी वाकसाने तासायची, पोवळ्याच्या खरबरीत तुकड्याने घासायची, तेल पाजायचे. वापरून झाल्यावर वाळवून, कापडात गुंडाळून घरात टांगायची. १८२० पासून तेथे आलेल्या मिशनऱ्यांना उघड्या अंगाचा हा आनंद पसंत पडला नाही; रोगराईने माणसेही भराभर मेली; खेळ जवळजवळ बुडाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने पुन्हा डोके वर काढले. त्या काळचा ड्यूक कहानामोकू हा हवाईचा गडी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात पहिला आला. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला, तर जवळ फळीच नाही! त्याने मिळाले त्या लाकडाची स्वतः फळी केली आणि लोकांना लाटेवर चालून दाखविले. ते लाकूड होते 'शुगर पाइन' नावाच्या झाडाचे. साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या आम्हा बावडेकरांना हे नाव आवडण्यासारखे आहे.

येथपर्यंत सगळे दूरचे होते. मग ओलो कशाच्या लाकडाची करीत ते वाचले: 'विलिविली'. शास्त्रीय नाव, एरिथ्रिना सँडविसेन्सिस. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये वनस्पतिशास्त्राच्या बाईंना मी सहज विचारले की, एरिथ्रिना म्हणजे काय झाड हो? त्यांनी तपासावयाच्या पेपरांतून मान वर न करता सांगितले, "पांगारा."

वाचकहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कोकणात पांगारा, आमच्याकडे पांगिरा. काटेरी खोडाचा, फाल्गुनात पाने टाकून लालभडक फुलणारा, साळुंक्यांनी गजबजलेला पांगिरा आमच्या नदीकाठच्या मळीत माझ्या लहानपणापासून उभा होता. त्याचा भाऊबंद तिकडे पॅसिफिक महासागरात सरदारांना पाठीवर घेऊन हिंडत होता, आणि आम्ही त्याला पानमळ्यात वेल चढवायला लावीत होतो! या भावांचे नशीबही सारखे. २००५ साली चिलटाएवढ्या एका किडीने हवाईच्या विलिविलींच्या पानांना गाठी आणून झाडेच्या झाडे वाळवली. त्याच सुमारास तीच कीड दक्षिण भारतातल्या पांगाऱ्यांवरही दिसली. हवाईत २००८ साली आफ्रिकेतून त्या किडीचा वैरी आणून सोडला, तेव्हा कोठे झाडे सावरली.

मी संध्याकाळी घरी येऊन हे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आमचे वडील, आबा, सोप्यात खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून त्यांचे बोलणे हळूहळू जेवण-औषधापुरते उरले होते. नातवाशी तर दोघांना पुरेल असा विषयच नव्हता. ते एकाएकी म्हणाले,

"बिंडं म्हणतोयस व्हय?"

"नाही आबा, सर्फबोर्ड. लाटेवर..."

"आरं तेच. पांगिऱ्याचं बिंडं. तुमी लांबडं करणार, एवढंच."

आणि ते उठून बसले.

बिंडा म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावे लागेल. पांगिऱ्याच्या वाळल्या खोडाचा हातभर तुकडा. त्याला दोर बांधून पोराच्या पाठीला आवळायचा आणि पोराला नदीत ढकलून द्यायचे. पोर बुडत नाही, ओरडते फक्त. मीही राजाराम बंधाऱ्याखाली असाच ओरडलो आहे. बावड्याची पोरे पंचगंगेत पोहायला शिकली ती या बिंड्यावर नाही तर सांगडीवर. सांगड! पंचवीस वर्षे मी वर्गात 'परंपरा आणि नवता यांची सांगड' घालतो आहे. पण एकाही विद्यार्थ्याने 'सर, सांगड म्हणजे काय?' असे विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. दोन वाळलेले भोपळे दोराने जोडले की ती सांगड. भोपळा वेलावरच जून होऊ द्यायचा, देठासकट काढायचा, छपरावर ऊन दाखवायचे; हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तो तयार झाला. दोन भोपळ्यांच्या मधल्या दोरावर छाती टेकायची. दोर घायपाताचा. बांधावरचे घायपात कुजवून, झोडून आबा स्वतः दोर वळीत.

मग काळ बदलला. भोपळ्याच्या जागी तोंड डागलेला पत्र्याचा डबा आला. डब्याच्या जागी ट्रॅक्टरची ट्यूब आली. ट्यूबनंतर दूरचित्रवाणी-संचाच्या खोक्यातले थर्माकोल. हवाईच्या लोकांनी लाकडापासून फेसापर्यंत जो प्रवास केला तोच आम्ही बंधाऱ्याखाली केला, फक्त आमच्याबद्दल कोणी पुस्तके लिहिली नाहीत. आणि थर्माकोलनंतर नदीच गेली. म्हणजे नदी आहे; पावसाळ्यात तिची पातळी रोज छापून येते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे बावड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण उन्हाळ्यात तिच्यात उतरून वर आले की अंग खाजते. २०१२ साली खाली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली, तेव्हापासून नदीत पोर सोडायचा आमच्या घरात कोणाला धीर झाला नाही. माझा मुलगा नदीपासून हाकेच्या अंतरावर वाढला आणि पोहायला शिकला तो फी भरून, टाकीत. टाकीला नावे ठेवीत नाही. वीरधवल खाडे याच कोल्हापूरचा, आणि २०१० साली त्याने आशियाई क्रीडास्पर्धेत पदक आणले. पण टाकीत बिंडा लागत नाही.

आता एक गोष्ट, जी मी घरात कोणाला सांगितली नव्हती. आबांची सांगड माळ्यावर होती. दोन मोठे तांबूस भोपळे, घायपाताच्या दोराने जोडलेले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी माळा उपसला आणि जुन्या परीक्षेच्या गठ्ठ्यांबरोबर ते भोपळे कचऱ्याच्या गाडीत दिले. आबा दुसऱ्या दिवशी शिडी लावून माळ्यावर चढले, बराच वेळ काहीतरी हुडकले आणि खाली आले. सौ.ने विचारले, "काय पाहिजे होतं?" ते म्हणाले, "सांगड हुती. उंदरांनी नेली वाटतं." मी वर्तमानपत्र वाचीत होतो. ते तसेच वाचीत राहिलो.

असो. मळीतला पांगिरा २०२१ च्या जुलैतल्या पुरात मुळासकट आडवा झाला. २०१९ च्या ऑगस्टात पाणी बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले होते, तेव्हा तो टिकला. दोन वर्षांनी पुन्हा तेवढेच पाणी आले, तेव्हा त्याने हात टेकले. जळणाला पांगिरा कोणी फुकट नेत नाही. तो धडपणे जळतच नाही. आबांनी मात्र ट्रॅक्टरने ओढून आणून त्याचे दोन ओंडके गोठ्याच्या आढ्याखाली रचून ठेवले होते. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. लोक हसले. मीही हसलो असणार.

चिरंजीव आणि आबा दुसऱ्याच दिवशी गोठ्यात गेले. आबा एका हाताने काठी टेकीत आणि दुसरा हात नातवाच्या खांद्यावर ठेवून. ओंडक्यावर बोटाची पेरे वाजवून त्यांनी सांगितले, हा इथपर्यंत किड्यानं खाल्लाय, इथनं पुढं चांगला. निम्मे लाकूड बाद झाले. वखारीतल्या कटाई-यंत्रावर घालण्याआधी आबांनी नारळ मागवला आणि ओंडक्यापुढे फोडला. मासा नव्हे, नारळ. पण त्यांनी हवाईची वर्णने वाचलेली नव्हती हे मी खात्रीने सांगतो.

पुढचे काम गल्लीतल्या सुतारमामांच्या दुकानात झाले. मामांनी आधी साफ नकार दिला. "पांगिरा? त्याची सावंतवाडीला खेळणी करत्यात. ह्यावर माणूस उभा ऱ्हाणार?" पण बारा-तेरा दिवसांत तेच रात्री दहापर्यंत थांबू लागले. दहा-दहा इंचांच्या दोन फळ्या काठाला काठ लावून जोडल्या, मध्ये बाभळीच्या खुंट्या मारल्या. सरस मात्र बाजारातला, पाण्यात न सुटणारा घेतला. चिरंजिवांची इच्छा त्यातही काही रासायनिक नसावे अशी होती, मामा म्हणाले, "मग समुद्रात गेल्यावर दोन फळ्या दोन देशांना जातील." तो मुद्दा तेथे संपला. कडा रंध्याने गोल केल्या, शेपूट निमुळते केले, खाली मध्यावर सागाचा एक परा बसवला. हा परा हवाईच्या जुन्या फळ्यांना नव्हता. टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकनाने तो १९३५ साली पहिल्यांदा लावला. त्याआधी माणसे फळी वळवायला पाय पाण्यात बुडवीत.

खरा वाद झाला तो तेलावर. पांगिरा पाणी पितो. वरून फायबर लावले असते तर प्रश्न नव्हता, पण मग ती फेसाच्या फळीचीच बहीण झाली असती. आबा म्हणाले, कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल देतात, ते लाव. सौ. देवगडकडच्या, त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "ते लावाल तर पोराच्या छातीवर फोड येतील!" आणि ते खरेच आहे, ते तेल अंगाला लागले की कातडी सोलते. शेवटी जवसाचे तेल, राळ आणि मेण गरम करून सहा हात दिले, प्रत्येक हातामध्ये तीन दिवसांचे ऊन. आमच्या गच्चीवर त्या महिन्यात सांडगे-पापड घालायला जागा राहिली नाही.

या सगळ्या दिवसांत आबा रोज दुकानात जाऊन बसत. डाव्या हाताचा तळवा फळीवरून फिरवीत आणि 'इथं उंचवटा हाय' एवढे म्हणत. मामा रंधा मारीत. पुन्हा तळवा. एके दिवशी चिरंजिवांनी विचारले, "आजोबा, तुमची ती सांगड कुठे आहे? बघायची होती." मी तेथेच खुर्चीवर होतो. आबांनी माझ्याकडे पाहिले. अगदी सावकाश म्हणाले, "उंदरांनी नेली." आणि पुन्हा फळीवर हात फिरवू लागले.

फळीला त्यांनीच नाव दिले: फळकूट. 'तरंगफळी'पेक्षा ते टिकाऊ ठरले. आता चिरंजीवही मित्रांना फोनवर 'माझे फळकूट' म्हणतात.

मे महिन्यात, समुद्र खवळायच्या आत, आम्ही ते मोटारीच्या टपावर बांधून कुणकेश्वरला नेले. घाटात पोलिसाने थांबवून विचारले, "वर काय आहे?" आमच्या सौ.नी काच खाली करून सांगितले, "इस्त्रीची फळी." त्याने जाऊ दिले.

कुणकेश्वराचे देऊळ अगदी समुद्राला लागून. सकाळची वेळ, भरती चढत होती. चिरंजीव पाण्यात शिरले. पहिल्या लाटेवर ते पालथे पडून आले आणि फळकूट तरले. सुरेख तरले! बावड्याच्या मळीतला पांगिरा खाऱ्या पाण्यावर चालला होता, आणि मी, एरवी विद्यार्थ्यांना संयमाचे धडे देणारा मनुष्य, किनाऱ्यावर टाळ्या वाजवीत होतो. मग ते उभे राहू लागले. उभे राहिले की फळकूट टोक खाली घालून डुबकी मारी आणि चिरंजीव पुढे उडून पडत. असे दहा वेळा, पंधरा वेळा. एकदा फळी उसळून त्यांच्या हनुवटीला लागली आणि रक्त आले. सौ. देवळाच्या कट्ट्यावरून उठून उभ्या राहिल्या. चाळीस हजारांच्या फळीवर हा मुल्कीला तिसऱ्या दिवशी उभा राहिला होता, हे मला आठवले, आणि आपण हौसेपायी पोराला भलत्याच भरीला घातले की काय असे वाटले. फेसाची फळी हलकी, तिचा बाक हवा तसा घेता येतो. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा त्यात कोणी ओंडका घेऊन उतरले नव्हते. हे मान्य न करणे म्हणजे हट्ट.

जाळे विणीत बसलेले एक म्हातारे कोळी बराच वेळ हे पाहत होते. ते उठून आले, फळकूट उलटेपालटे केले आणि म्हणाले, "हेका नाळ खंय आसा? नाळ नाय तर ता खालीच जातला."

नाळ म्हणजे होडीचे पुढचे उचललेले तोंड. आमची फळी टोकापासून शेपटापर्यंत टेबलासारखी सपाट होती. सुतारमामांनी आयुष्यभर दारे, खिडक्या आणि पाट केले. वाकडे ते वाईट, सरळ ते चांगले, हे त्यांचे शास्त्र. त्यांनी ती गुण्यात तंतोतंत सरळ केली होती.

घरी आल्यावर आबांनी दारातच विचारले, "बुडालं का?"

"नाही. पण तोंड खाली घालतं," चिरंजीव हनुवटीवरची पट्टी चाचपीत म्हणाले, आणि नाळेची गोष्ट सांगितली.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी काहिलीची हकीकत सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. गुऱ्हाळाची काहील, गूळ आटवायची ती, पुरात होडी म्हणून वापरीत. नदीकाठच्या गावांत हे सर्वांना माहीत आहे. तरुणपणी एका पुरात आबांनी मळीत अडकलेली दोन माणसे आणि एक शेळी काहिलीत बसवून आणली. "काहिलीला पुढं नसतंय अन् मागं नसतंय. ती नुसती फिरती. वल्हं मारंल तिकडं फिरती. निम्म्या नदीत गावदेवीची पाठ, निम्म्या नदीत तोंड. म्या शेवटाला शेळीला एका अंगाला बसवली, तवा ती काठ उचलून सरळ चालली." ते हसले. "मला तवाच कळाया पायजे हुतं. सुताराला म्हणावं, फुडनं खालच्या अंगानं तास."

पावसाळाभर फळकूट वाळत पडले होते. नवरात्रात मामांनी ते पुन्हा घोडीवर घेतले. पुढच्या दीड फुटात खालून तासत तासत टोकाशी जाडी निम्म्यावर आणली आहे, म्हणजे पुढे आपोआप नाळ उचलल्यासारखी होते. शेवटचा हात आबांनी मारला. रंधा त्यांच्या डाव्या हातात आणि वरून नातवाचा उजवा. छिलका काही सलग निघेना. तुकडे तुकडे पडत होते. मामा म्हणाले, "राहू द्या, मी करतो." दोघांनीही ऐकले नाही.

तुळशीचे लग्न झाले की पुन्हा कुणकेश्वर. चिरंजिवांच्या डोक्यात दरम्यान दुसरे खूळ शिरले आहे. कॅलिफोर्नियात घायपाताच्या फुलाच्या दांड्यापासून फळ्या करतात म्हणे. घायपात मूळचे तिकडचेच, मेक्सिकोचे. वर्षानुवर्षे थांबून एकदाच फुलते आणि मरते. मग तो उंच दांडा वाळून कागदासारखा हलका होतो. झाड तोडावे लागत नाही, थांबावे लागते. आमच्या बांधावर अकरा घायपाते आहेत. ती मोजून झाली आहेत.

आणि गोठ्याच्या छपरावर यंदा आबांनी भोपळ्याचा वेल चढवला होता. श्रावणात सौ. भाजीला म्हणून दोन भोपळे काढायला गेल्या, तर त्यांनी काठी आडवी धरली. आता वेल वाळला आहे आणि दोन मोठे भोपळे देठासकट पत्र्यावर ऊन खात पडले आहेत. एकात बिया खुळखुळतात, दुसऱ्यात अजून नाही. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्याला हात लावायचा नाही, अशी मला घरातून ताकीद मिळाली आहे.